मधोमध उघडणारा पडदा

आमचं घर आणि चाचीचं घर यांच्या मध्ये बांबूचं कुंपण होतं, आणि त्या कुंपणाला कमरेएवढ्या उंचीवर एक भगदाड होतं. कुणी पाडलं विचाराल, तर अर्धं तिनं आणि अर्धं मी. ईदेला त्यातून शेवयांचं भांडं यायचं, गणपतीला माझ्याकडून पुरणपोळ्यांचं ताट जायचं, आणि बाकी वर्षभर दोन्हीकडून तोंडं चालायची. माझ्या नवऱ्यानं एकदा नवे बांबू आणून ते बुजवलं. आठवड्याभरात भगदाड पुन्हा हजर. मग त्यानंही नाद सोडला.

आमच्या बेटावरच्या फिनिक्स गावातली आमची ती गल्ली काही फार लांब नव्हती. एका टोकाला चिन्याचं बुतिक, म्हणजे किराणा दुकान, दुसऱ्या टोकाला मशीद, आणि मध्ये आम्ही सगळे. मी लालमती गावच्या शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन इथं आले आणि कुदळ सोडून शिवणाचं मशीन धरलं. पडवीत मशीन, पडवीसमोर कुंपण, कुंपणात ते भगदाड, आणि भगदाडात बहुतेक वेळा चाचीचं तोंड. वयानं ती माझ्या आईएवढी, अंगानं माझ्या दुप्पट, आणि आवाज असा हळू की ऐकायला मशीन थांबवावं लागायचं.

भाषेचं म्हणाल तर सगळी खिचडी. ती भोजपुरीत सुरू करायची, मी इथल्या क्रेओल बोलीत उत्तर द्यायची, आणि राग आला की मी सरळ मराठीत उतरायची. तीही आमच्या पणज्यांनी जहाजातून आणलेली गावठी मराठी, पुण्याच्या माणसाला हसू येईल अशी. चाची म्हणायची, “दुलहिन, तुझं मराठी मला कळत नाही, पण आता तू कुणाला तरी शिव्या घालतेयस एवढं कळतं.” नव्या सुनेला दुलहिन म्हणतात. मला दोन पोरं झाली, केस पिकायला लागले, तरी तिच्यासाठी मी शेवटपर्यंत दुलहिनच. तिचं बोलणं इथं मी मराठीतच सांगतेय, नाहीतर तुमची पंचाईत व्हायची.

तर मशिदीची गोष्ट.

आधी ती पत्र्याची होती. सत्तरच्या दशकातल्या एका मोठ्या सिक्लोनमध्ये, वादळाला आमच्याकडे हाच शब्द, तिचे पत्रे उडाले. त्यातला एक तर आमच्या फणसावर येऊन अडकला होता. मग ठरलं, आता छत काँक्रीटचं. आमच्या मुलखात घर असो, देऊळ असो की मशीद, छत ओतायचा दिवस म्हणजे अख्ख्या गल्लीचा दिवस. त्यासाठी कुणी मजूर लावत नाही. शेजारीपाजारी बादल्या घेऊन येतात, हातोहात माल वर चढतो, आणि काम पुरं झालं की सगळ्यांना जेवण. आमच्या देवळाच्या छताला चाचीच्या नवऱ्यानं वाळू वाहिली होती. मग मशिदीच्या छताला आम्ही जाणार, यात विचारायचं काय!

बायांचं काम स्वयंपाकाचं. मागच्या आवारात बिर्याणीची देगची चढली होती, मी कांदे चिरून चिरून रडत होते. अर्धं छत झालं असेल नसेल, आभाळ भरून आलं. फिनिक्सचा पाऊस म्हणजे आगाऊ पाहुणा, कधी येईल नेम नाही. वरून पुरुष ओरडायला लागले, माल लवकर द्या, माल लवकर द्या. पण खाली हातच कमी. चाचीनं झारा ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि त्या हळू आवाजात म्हणाली, “बसलात काय? उठा.” आम्ही सगळ्या उठलो. मुसलमानाच्या, मराठ्याच्या, तमिळाच्या, सगळ्या बाया रांगेत उभ्या राहिलो आणि बादल्या वर जायला लागल्या.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की आत गळतंय. पुढच्या भिंतीत कोनाडा असतो, त्याला मेहराब म्हणतात, इमाम त्याच्यासमोर उभा राहतो. तर बरोबर त्या जागेवर वरच्या फळ्यांत फट राहिली होती आणि सिमेंटचं पाणी धो धो खाली. पुरुष सगळे वर नाहीतर शिडीवर. चाची धावली. सिमेंटच्या गोणीचा कागद फाडून तिनं फटीत कोंबला, वर एक फळकुट लावलं, आणि ते दोन्ही हातांनी दाबून धरून उभी राहिली. छत पुरं होईपर्यंत ती तिथून हलली नाही. सिमेंटचं पाणी तिच्या केसांतून, कानांवरून खाली येत होतं. नंतर मी तिला माझ्या पडवीत बसवून खोबरेल लावलं आणि तिच्या केसांतले खडे काढले. ती हसत होती. “आता बघ,” म्हणाली, “सगळी मशीद गळेल, पण तेवढी जागा गळायची नाही.”

मग टेकू काढले, फरशी बसली, रंग लागला, आणि शुक्रवारी सगळे पुरुष पांढरे कुडते घालून मशिदीत गेले. त्यातले निम्मे कुडते मीच शिवलेले. चाची कुंपणापाशी कोथिंबीर निवडत बसली होती.

“तू नाही गेलीस?” मी विचारलं.

“बाया नाही जात, दुलहिन. बाया घरी पढतात.”

“अगं, पण तू तर आत होतीस! तासन्‌तास उभी होतीस!”

“तेव्हा ती मशीद नव्हती,” ती म्हणाली, “तेव्हा ते बांधकाम होतं.”

माझं डोकंच फिरलं. मी मराठीत जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती मात्र शांत. रीतच आहे तशी, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे तरी काय उजेड होता? आमच्या देवळाच्या कमिटीवर माझा नवरा होता. माइकवर बोलणार ते पुरुष, खुर्च्यांवर बसणार ते पुरुष, आणि आम्ही मागच्या खोलीत पुऱ्या लाटणार. एकदा मी विचारलं, बाईला का नाही घेत कमिटीवर? तर नवरा म्हणाला, “मग पुऱ्या कोण लाटणार?” त्याला वाटलं विनोद केला. पुढचे चार दिवस त्याला पुरी दिसली नाही.

चाचीनं त्या काळात एकच गोष्ट धरून ठेवली होती. पावसाळी हवा आली, सिक्लोनचा इशारा झाला, की ती नवऱ्याला विचारायची, “मेहराबापाशी गळतं का हो?” आणि तो बापडा म्हणायचा, “नमाजात वर कोण बघतं?” दर वर्षी तोच प्रश्न आणि दर वर्षी तेच उत्तर. मला भगदाडातून ऐकू यायचं आणि हसू यायचं.

मग तिचा नवरा गेला. चांगला माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला मशिदीच्या आवारात नेलं, तिथं पुरुषांनी त्याच्यासाठी शेवटचा नमाज पढला, आणि चाची फाटकाशी उभी राहिली. मी तिच्या शेजारी होते. ती रडत नव्हती. बराच वेळ आत बघत राहिली, मग म्हणाली, “एवढी वर्षं संसार केला मी, आणि त्याच्यासाठी हात उचलायला आत कोण? तो बुतिकवाल्याचा गडी, जो त्याला धड ओळखतही नाही.” त्या दिवशी तिच्या मनात काहीतरी मोडलं. किंवा उभं राहिलं म्हणा.

त्यानंतर तिचे गुडघे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी जिना, मग विहिरीवरचा ओटा, मग बाजाराची पिशवी. नमाजात कपाळ जमिनीला टेकतात, त्याला सजदा म्हणतात. तो करताना तिच्या तोंडातून ‘आयो’ निघायचं ते मला माझ्या मशीनवर ऐकू यायचं. डॉक्टर म्हणाले, खुर्चीवर बसून पढा.

“खुर्चीवर चालतं,” चाची मला म्हणाली. “अल्ला चालवून घेतो, तो काही कमिटीत नाही. पण दुलहिन, मला एकदा तिथं कपाळ टेकायचंय. आपल्या मशिदीत. एकदा. गुडघे वाकतात तोवर.”

“मग जा की! कोण अडवतंय बघतेच मी.”

“तू नको बघूस,” ती घाईघाईनं म्हणाली. “तू बघितलंस तर दंगा होईल.”

ऐंशीच्या दशकात आमच्या मशिदीत नवे मौलाना आले. तरुण, सडपातळ, परदेशात शिकून आलेले, बोलताना जमिनीकडे बघणारे. आधीचे म्हातारे उर्दूत बोलायचे आणि अर्ध्या लोकांना डुलकी लागायची. हे शुक्रवारचं प्रवचन क्रेओलमध्ये द्यायचे, आणि कर्णा मिनारावर, त्यामुळे चाचीच्या चुलीशी आणि माझ्या मशीनशीही ते पोचायचं. गंमत बघा, चाचीनं आपली मशीद तोवर ऐकलीच होती फक्त. मीही तेवढीच ऐकली होती. त्या बाबतीत आम्ही दोघी सारख्याच.

एका शुक्रवारी मी एका नवरीचं पोलकं शिवत होते. कर्ण्यावरून मौलाना सांगत होते की पैगंबरांच्या काळी बाया मशिदीत येऊन नमाज पढत, आणि त्यांना अडवू नका असं त्यांनीच सांगून ठेवलंय. मग अडवणारे आपण कोण? मी पाय थांबवला. भगदाडात चाची उभी, हातांना कणीक तशीच.

“ऐकलंस?” ती म्हणाली.

“ऐकलं.”

“तेच म्हणाले ना ते? माझ्या कानांना तर नाही झालं काही?”

“तेच म्हणाले, चाची.”

ती तिथंच खाली बसली, बादली पालथी घालून. थोड्या वेळानं म्हणाली, “रोजे मला अर्धे नाही सांगितले अल्लानं. नमाज पाचच्या पाच सांगितले. मग जागा तेवढीच कशी विसरला असेल तो? मला वाटायचंच, विसरला नसेल.” आणि मग इतकी रडली, की नवऱ्याच्या वेळीही नव्हती रडली. मी भगदाडातून हात घालून तिचा खांदा धरून बसले.

आता खरी अडचण घरातच होती. चाचीचा मोठा मुलगा मशिदीच्या कमिटीत. मोका गावात सरकारी कचेरीत नोकरी, अंगाला इस्त्री, बोलण्याला इस्त्री. माणूस वाईट नव्हता. आईला जपायचा, डॉक्टरकडे न्यायचा. पण चार लोक काय म्हणतील याची त्याला कायम धास्ती.

“अम्मी, बाया आल्या की मुलं येणार, मुलं रडणार,” तो म्हणाला.

“माझं मूल तू,” चाची म्हणाली. “तू रडणार आहेस का?”

“वजू कुठं करणार?” नमाजाआधी हातपाय धुतात, त्याबद्दल तो विचारत होता.

“घरी करून येईन. पाच पावलांवर तर आहे.”

“म्हातारे ऐकणार नाहीत.”

“म्हाताऱ्यांच्या बायकांनी त्या छताला बादल्या दिल्यात. विचार त्यांना.”

मी कुंपणाच्या अलीकडून तोंड घालणार, एवढ्यात चाचीनं मागं हात करून मला गप्प राहायची खूण केली. मी ओठ आवळून बसले. कसं बसले माझं मला माहीत.

भांडण तिनं केलंच नाही. तिनं काय केलं, तर दर शुक्रवारी मुलगा कुडता घालून निघाला की दारात उभी राहायची आणि विचारायची, “माझी जागा झाली का रे?” तेवढंच. तो मान खाली घालून निघून जायचा. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. ना आवाज चढवायचा, ना तोंड फिरवायचं, ना जेवण टाकायचं. उलट परत आला की गरम वाढायची. मी म्हणायची, अगं, दोन शब्द सुनाव. ती म्हणायची, “सुनावलं की त्याला रागवायला मिळतं. विचारलं की उत्तर द्यावं लागतं.” असे कितीतरी शुक्रवार गेले. गुडघे आणखी बिघडत होते. आता सजद्यातून उठताना ती खाटेचा पाय धरायची. मला काळजी लागून राहिली, जागा होईल तेव्हा ही वाकू शकेल का?

शेवटी कमिटी वाकली. मौलाना मागं लागले होतेच, पण मला विचाराल तर ते दारातलं विचारणंच त्या मुलाला झोपू देत नव्हतं. ठरलं असं: मागच्या दोन रांगांची जागा बायांना, बाजूच्या दारानं यायचं जायचं, आणि मध्ये पडदा. हिरवा, जाड, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत. कापडाचा गठ्ठा घेऊन मुलगा माझ्या पडवीत आला.

“भौजी,” मला वहिनीला तो असंच म्हणायचा, “एवढं शिवून द्याल?”

“देईन की,” मी म्हणाले. “पण मापं? मापं मीच घेणार. दुसऱ्याच्या मापावर मी चोळीसुद्धा शिवत नाही.”

आणि काय सांगू, मंगळवारी सकाळी मी कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि खांद्यावर टेप टाकून मशिदीत! चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि सरळ आत. चाची माझ्यासोबत फाटकापर्यंत आली आणि थांबली.

“अगं ये की. मी जातेय, तुला काय झालं?”

“तू मापाला चाललीस. मी मापाला नाही येणार,” ती म्हणाली. “मी येईन ती नमाजाला.”

“बरं, मेहराबाच्या वर बघून सांगू का, गळतंय का ते?”

“खबरदार!” एवढ्या मोठ्यानं ओरडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. “वर बघू नकोस. बघितलंस तर मला सांगू नकोस.”

मग मी बिचारी मान खाली घालून मापं घेत राहिले. मौलाना टेपचं दुसरं टोक धरून उभे, तेही जमिनीकडे बघत. छतापर्यंतची उंची त्यांनी शिडीवर चढून घेतली, मी खालचं टोक पायाखाली दाबून धरलं. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता सगळं माप घेऊन मोकळे झालो.

आता गंमत ऐका. बाई आणि पुरुष यांच्या मध्ये धरायचं कापड मी जन्मात एकच शिवलं होतं, ते म्हणजे अंतरपाट. आसपासच्या गावांतल्या मराठी लग्नांना अंतरपाट माझ्याकडूनच जायचे, स्वस्तिक भरलेले, चारही बाजूंनी टिपलेले. नवरा-नवरीच्या मध्ये तो धरायचा, मंगलाष्टकं म्हणायची, आणि शेवटी तो काढायचा. काढायलाच तर तो धरतात. तसाच राहिला तर लग्न कसलं! त्यामुळे पडदा म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. नमाज चालेल तोवर पडदा, नमाज संपला की पडदा बाजूला, मग आई मुलाला भेटणार, बायका नवऱ्यांना हाका मारणार, सगळे मिळून घरी जाणार. छतापर्यंतचं जड कापड एका हातानं सरकणार नाही म्हणून मी ते दोन पाटांत शिवलं. वर कड्या लावल्या, मधोमध दोन्ही पाटांना बंद लावले, म्हणजे बांधलं की एक, सोडलं की दोन. माझ्या कामावर मी खूश होते.

शुक्रवारी सकाळी मी आणि मुलगा, आम्ही तो टांगला. टांगून झाल्यावर त्याला ते बंद दिसले.

“भौजी, हे काय?”

“बंद.”

“कशाला?”

“सोडायला. नमाज झाल्यावर उघडायचा ना?”

“उघडायचा कशाला?” तो घाबराघुबरा झाला. “हा उघडायचा नाही! हा असाच राहणार.”

“कायमचा?”

“कायमचा.”

“अरे मग भिंतच का नाही बांधली? कापड कशाला वाया घालवलं?” माझा पारा चढला. “नवरा-नवरीला माणसं भटजी सांगेल तेवढाच वेळ झाकतात, आणि तू आईला जन्मभर झाकणार?”

तो बिचारा इकडेतिकडे बघायला लागला, कुणी ऐकलं की काय. कमिटीनं सांगितलंय, म्हणाला, मधली फट शिवून टाका. पण आता वेळ कुठं होता? अजान व्हायला आली होती. मी म्हणाले, नमाज होऊ दे, मी सुई-दोरा घेऊन दाराशीच बसते, संपला की शिवते. त्यानं आपल्या बाजूनं सगळे बंद गच्च आवळून बांधले, एकावर एक गाठी मारून.

म्हणून मी तिथं होते. बाजूच्या दाराच्या पायरीवर, मांडीवर सुईदोरा.

बाया आल्या तिघीच. चाची, आणि दोघी तिच्याहून म्हाताऱ्या. तरण्या पोरी आपापल्या दारात उभ्या राहून बघत होत्या, या म्हाताऱ्यांचं काय होतं ते. चाचीनं पांढरी ओढणी घेतली होती, मीच इस्त्री करून दिलेली. उंबऱ्याशी ती थांबली, एका हातानं चौकट धरली, माझ्याकडे बघितलं. मग ती उजवा पाय उचलून आत गेली.

नमाज सुरू झाला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी फक्त तिचे गुडघे बघत होते. ती वाकली. मग खाली जायची वेळ आली. मी श्वास धरला. एक हात जमिनीवर, मग दुसरा, मग गुडघे, आणि मग तिचं कपाळ फरशीला टेकलं. टेकलं! माझे डोळे भरून आले, सुईत दोरा दिसेना. पहिल्या खेपेला शेजारणीच्या खांद्याला धरून ती पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या खेपेला पुन्हा खाली गेली, पुन्हा कपाळ टेकलं, आणि मग सगळे बसून पढतात तशी बसली. नमाज संपला. त्या दोघी उठल्या.

चाची उठेना.

एक गुडघा मुडपला तो मुडपलाच. त्या दोघींनी हात दिला, नाही जमलं. मी सुई टाकून आत धावले, काखेत हात घालून उचलायला गेले तर ती कळवळली. तिचं अंग भारी, आणि आम्ही तिघी म्हणजे काय, दोघी वाळल्या काड्या आणि एक शिंपीण. पलीकडे पुरुष उठत होते, बोलत होते, चपलांकडे निघाले होते. थोड्या वेळात सगळे गेले असते.

“राहू दे,” चाची कुजबुजली. “सगळे गेले की बघू. त्याला लाज वाटेल.”

बस. लाज म्हटल्यावर माझं टाळकं सटकलं. मी पडद्याकडे तोंड केलं आणि ओरडले, चक्क मराठीत, “अरे भाई! तुझी आई अडकलीय इकडे! ये लवकर!”

पलीकडची पावलं थांबली. त्या मशिदीत एवढ्या मोठ्यानं मराठी कुणी बोललं नसेल, आणि बाईमाणूस तर नाहीच नाही. कुणीतरी खाकरलं. मग पडदा हलला. पलीकडून कुणीतरी बंद सोडत होतं. एकावर एक मारलेल्या गाठी, लवकर सुटेनात. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मौलानांचा आवाज आला, “सावकाश, सावकाश.” मग वरच्या कड्या वाजल्या आणि दोन्ही पाट बाजूला झाले.

मुलगा उभा होता. त्याच्या मागं रांगाच्या रांगा, सगळी गल्ली, आणि सगळे आमच्याकडे बघत होते. तो आईपुढं गुडघ्यांवर बसला, तिचे हात आपल्या मानेभोवती घेतले, “अम्मी, माझ्यावर भार टाक,” म्हणाला, आणि लहान मुलाला उचलावं तसा तिला अलगद उभं केलं. तो रडत होता. मुलं रडतील म्हणाला होता ना, ते खरंच झालं. मधली फट शिवायचं मला पुन्हा कुणी सांगितलं नाही, त्यानंही नाही.

तो तिला बाजूच्या दाराकडे वळवायला लागला. “थांब,” चाची म्हणाली. “अम्मी, लोक थांबलेत.” “थांब रे.” ती त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली आणि त्या उघड्या पडद्यातून समोर बघायला लागली. मेहराब निळ्या फरशीचा झाला होता. तसा तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. मग तिनं मान वर केली आणि मेहराबाच्या वर, छताच्या त्या जागेवर नजर लावली. मला कळलं ती काय बघतेय. मीही बघितलं, आता बघायला हरकत नव्हती. छत पांढरंशुभ्र होतं.

तिचे गुडघे त्यानंतर पुन्हा कधी वाकले नाहीत. पुढं ती दर शुक्रवारी जायची ती खुर्ची घेऊन, तिच्या मागं मग त्या तरण्या पोरीही जायला लागल्या. पण कपाळ टेकलं ते त्या एकाच शुक्रवारी.

त्या दिवशी छतावरून नजर काढून तिनं माझ्याकडे वळून बघितलं. सगळ्या मशिदीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “बघ दुलहिन, नाही गळत.”